किल्ली कोणाकडे? : शिंद्यांच्या कंपूतले फिरंगी आणि १८०३ चं युद्ध

मंडळाच्या एका बैठकीत आमच्या एका तरुण सभासदानं विचारलं होतं, "काका, शिंद्यांकडे एवढा तोफखाना, कवायती पलटणी, एवढे फिरंगी अधिकारी. मग १८०३ मध्ये पाच महिन्यांच्या आत दिल्ली-आग्रा हातचं गेलं कसं?" कोणीतरी लगेच म्हणालं, "फितुरी, दुसरं काय!" सगळ्यांनी माना डोलावल्या, तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथेच थांबला.

मला ते उत्तर काही पटलं नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. अठ्ठावीस वर्षं कारखान्यांतून यंत्रं बसवायची आणि चालू करून द्यायची, एवढंच काम केलं. पण बाहेरून तज्ज्ञ आणून काम उभं करताना काय मिळतं आणि काय निसटतं, हे मी जवळून पाहिलंय. एका कारखान्यात आम्ही एक परदेशी यंत्र बसवलं होतं. बरोबर त्यांचा माणूस आला. कामाला वाघ आणि शिकवायला हात सैल. आमच्या फिटरांनी त्याच्याकडून यंत्र उघडणं, जोडणं, लावणं सगळं उचललं. फक्त कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड त्याच्याकडेच राहिला. तो मागून घ्यायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. तो मायदेशी गेला, सहा महिन्यांनी यंत्र अडकलं आणि अकरा दिवस आम्ही हातावर हात ठेवून बसलो. त्यानं फितुरी केली नव्हती. करार आम्हीच तसा लिहिला होता.

शिंद्यांच्या कंपूचा इतिहास वाचताना मला ते अकरा दिवस सारखे आठवत राहिले. म्हणून हा लेख.

गरज कशी पडली

आपल्या ग्वाल्हेरपासूनच सुरुवात करू. १७८० च्या ऑगस्टात कॅप्टन पॉपहॅमच्या तुकडीनं रात्री शिड्या लावून हा किल्ला घेतला. किल्ल्यावर शिंद्यांची शिबंदी होती. अभेद्य म्हणून ज्याची ख्याती, तो किल्ला एका रात्रीत गेला. पुढच्या वर्षी कर्नल कॅमॅकनं महादजींच्या छावणीवर रात्री छापा घातला आणि मोठं नुकसान केलं. १७८२ मध्ये इथून जवळच सालबाईला तह झाला. महादजींनी पुढं ग्वाल्हेर परत मिळवलं, पण धडा विसरले नाहीत. घोडदळ कितीही चपळ असलं, तरी ओळ न मोडता गोळ्या झाडणाऱ्या पायदळापुढं आणि त्याच्याबरोबर चालणाऱ्या हलक्या तोफांपुढं ते टिकत नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

अशी विद्या येणारी माणसं तेव्हा हिंदुस्थानात नोकरी शोधत हिंडत होती. त्यांतलाच एक बेन्वा डी बॉईन. १७५१ चा जन्म, गाव शांबेरी, म्हणजे तेव्हाचं सव्हॉय. आधी फ्रान्सची चाकरी, मग रशियाची, तुर्कांची कैद, मग मद्रासेत कंपनीची पलटण, असा फिरत फिरत तो उत्तरेत आला. १७८४ मध्ये महादजींनी त्याला ठेवून घेतलं आणि दोन पलटणी उभ्या करायला सांगितल्या.

करारात काय होतं

पहिला करार अगदी आजच्या ठेक्यासारखा वाटतो. डी बॉईनला स्वतःला महिना हजार रुपये आणि दर शिपायामागे आठ रुपये. त्यातून शिपायाचा पगार, कपडालत्ता, सगळं त्यानंच बघायचं. मराठी फौजेत तेव्हा पगार महिनोन्‌महिने तुंबायचे, धरणी बसायची. डी बॉईनच्या पलटणीत पगार वेळेवर मिळायचा. त्याच्या यशाचं निम्मं गमक मला तरी कवायतीपेक्षा यात दिसतं.

दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे. इंग्रजांविरुद्ध आपण लढणार नाही, हे त्यानं आधीच कबूल करून घेतलं होतं. महादजींना त्या वेळी ही अट जड गेली नसावी. त्यांचं लक्ष राजपुताना, दिल्ली आणि दोआबाकडे होतं, इंग्रजांशी तह झालेला होता. पण नीट पाहा. ज्या शत्रूचं बघून ही विद्या आणायची ठरलं, त्याच शत्रूच्या बाबतीत ती वापरता येणार नाही, असं कलम पहिल्याच दिवशी कागदावर आलं.

मधे डी बॉईन नोकरी सोडून लखनौला व्यापार करायला गेला. १७९० मध्ये महादजींनी त्याला परत बोलावलं आणि दहा पलटणींचा पुरा कंपू उभा करायचं काम दिलं. कंपू म्हणजे आजच्या भाषेत ब्रिगेड. पुढं असे तीन कंपू झाले. खर्चासाठी अलीगडच्या आसपासचा दोआबातला सुपीक मुलूख जायदाद म्हणून लावून दिला. म्हणजे वसूल तिथून, पगार तिथून आणि वसुली करणारा हात तोच. पाटण आणि मेडता १७९० मध्ये, लाखेरी १७९३ मध्ये, या लढाया याच कंपूच्या जोरावर जिंकल्या गेल्या.

इथं एक गोष्ट विसरायची नाही. पाटणला किंवा लाखेरीला डी बॉईन एकटा नव्हता. जिवबादादा बक्षी, गोपाळराव भाऊ, लखबादादा लाड यांच्यासारखे सरदार बरोबर होते. गोव्याकडच्या आपल्या वाचकांना ही नावं जवळची वाटतील, कारण जिवबादादा केरकर मूळचे तिकडचे. हत्यार फिरंग्याच्या हातात होतं, पण ते कुठं चालवायचं हे ठरवणारी आणि त्याच्यावर नजर ठेवणारी घरची माणसं शेजारी उभी होती. सगळ्यांच्या वर महादजी होतेच.

आग्र्याची भट्टी

आता माझ्या आवडीचा भाग. डी बॉईननं तोफा ओतायला सँगस्टर नावाचा एक स्कॉच माणूस ठेवला. हा आधी गोहदच्या राण्याच्या पदरी होता. आग्र्याला त्याची ओतशाळा चालायची.

पितळी तोफ म्हणतो आपण, पण ती पितळेची नसते. तांब्यात साधारण दहावा हिस्सा कथील घातलेली ती काशाच्या जातीची धातू असते. ओतणं त्यामानानं सोपं. अवघड काम म्हणजे आतली नळी सरळ आणि सगळीकडे एकाच मापाची ठेवणं. गोळा आणि नळी यांच्यात फट जास्त राहिली तर दारूचा जोर बाजूनं निसटतो आणि गोळा जवळच पडतो. फट फारच कमी राहिली तर गोळा अडकतो आणि तोफ फुटते. म्हणून तोफ एका मापाची, गोळा एका मापाचा, दारू तोलून आणि नळीची उंची स्क्रूनं बारीक बारीक कमीजास्त करता येणारी, असा सगळा संच हवा. युरोपातून आलेली विद्या ही होती. तोफा आपल्याकडे कधीच्याच होत्या. मापात बसलेला आणि बैलांनी झपाट्यानं हलवता येणारा तोफखाना मात्र नवा होता.

ही विद्या कितपत रुजली? त्याचा सगळ्यात चांगला पुरावा शत्रूच्याच कागदांत आहे. सप्टेंबर १८०३ मध्ये दिल्लीच्या लढाईत ज्या तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, त्यांची त्यांच्या तोफखान्यानं यादी केली. त्या यादीत नोंद आहे की पितळी तोफा जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानातच ओतलेल्या आहेत, काहींवर मथुरेचं नाव आहे, काहींवर उज्जैनचं. मापं फ्रेंच धर्तीची, काम अव्वल दर्जाचं. आणि काही तोफांमध्ये आत लोखंडी नळी बसवून तिच्याभोवती पितळ ओतलेलं आहे.

ही शेवटची ओळ वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. भराभर बार काढले की काशाची नळी तापून मऊ पडते आणि आतून झिजते. लोखंड जास्त तग धरतं. अशी जोड-तोफ करायची रीत आपल्याकडे मुघल काळापासून होती. म्हणजे या भट्ट्यांत फिरंग्याचं माप आणि इथल्या ओतकाम्याचं कसब एकत्र आलं होतं. तज्ज्ञ परका होता, पण मथुरा-उज्जैनच्या कारागिरांनी विद्या नुसती घेतली नाही, तिच्यात आपली भर घातली. हा भाग शिंद्यांना शंभर टक्के साधला होता.

महादजींनंतर

फेब्रुवारी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला महादजी गेले. गादीवर दौलतराव आले, वय जेमतेम पंधरा. १७९५ च्या अखेरीस डी बॉईननंही प्रकृतीचं कारण सांगून निरोप घेतला. जाताना त्यानं सल्ला दिला म्हणतात, की इंग्रजांशी लढायची वेळ आलीच तर त्याआधी पलटणी मोडून टाका, पण लढू नका. आपण बसवलेलं यंत्र कुठवर चालेल, हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

त्याच्या जागी पेरॉन आला. फ्रेंच आरमारातून पळालेला, एक हात लढाईत गमावलेला, हिमतीचा माणूस. पण त्याला मिळालेली जागा डी बॉईनच्या जागेपेक्षा वेगळी होती, कारण भोवतालची माणसं गेली होती. जिवबादादा वारले. मग शिंद्यांच्या घरातच बायांचं बंड उसळलं. महादजींच्या विधवांची बाजू घेणाऱ्या लखबादादांविरुद्ध हाच कंपू चालवला गेला. जुने सरदार मारले गेले, पळाले, नाहीतर गप्प बसले. दौलतराव वर्षानुवर्षं दक्षिणेत अडकून पडले. उत्तरेत पेरॉनच्या हातात फौज, दोआबाचा वसूल, किल्ले आणि दिल्लीत शाहआलम बादशहावरची देखरेख, हे सगळं आलं. एका नोकराकडे संबंध सुभा.

आणि वरिष्ठ जागा? पलटणीत सुभेदार-जमादार इथलेच होते, गोलंदाज इथले होते. बहुतेक हिंदुस्थानी, मराठी थोडे. पण पलटणीच्या आणि कंपूच्या प्रमुखपदी फिरंगीच. पंधरा-अठरा वर्षं लढलेल्या सुभेदारातून पलटणीचा सरदार तयार करावा, अशी वाटच ठेवली नव्हती. भट्टीतल्या कारागिराला जी संधी मिळाली, ती रणातल्या सुभेदाराला मिळाली नाही.

ऑगस्ट ते नोव्हेंबर १८०३

युद्ध सुरू झालं आणि ऑगस्टअखेर गव्हर्नर जनरल वेलस्लीनं जाहीरनामा काढला. शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या ब्रिटिश आणि इतर युरोपीय अधिकाऱ्यांना कंपनी हुद्द्याप्रमाणे तनखा देईल. एका कागदानं कंपूची वरची फळी सैल झाली. काही इंग्रज अधिकारी निघून गेले. तेव्हा पेरॉननं उरलेल्यांवरही विश्वास राहिला नाही म्हणून त्यांना काढून टाकलं. त्यात जेम्स स्किनर होता. बाप स्कॉच, आई राजपूत. मिश्र वंशाचा म्हणून कंपनीच्या फौजेत त्याला अधिकारी होता येत नव्हतं, म्हणूनच तो शिंद्यांकडे आलेला. त्याची जायची इच्छा नव्हती. शेवटी नाइलाजानं लेककडे गेला, तेही जुन्या धन्यावर शस्त्र उचलणार नाही अशी अट घालून. जन्मावरून इमान मोजलं की असे लोकही हातचे जातात.

पुढचा क्रम भराभर सांगतो. ४ सप्टेंबरला अलीगड पडलं. हल्ला करणाऱ्या तुकडीला दरवाज्याची वाट दाखवणारा लुकन हा काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचाच अधिकारी होता. त्याच सुमारास पेरॉनला कळलं की त्याच्या जागी अंबाजी इंगळ्यांना नेमलंय. त्यानं लेककडून सुखरूप जायची परवानगी मागितली आणि आपली दौलत घेऊन लखनौकडे निघून गेला. ११ सप्टेंबरला दिल्लीसमोर बुर्केन मैदान सोडून गेला, गोलंदाज लढत राहिले. आग्र्याच्या किल्ल्यात तर शिबंदीनं आपल्याच फिरंगी अधिकाऱ्यांना कैदेत टाकलं. मग ऑक्टोबरात बोलणी करायला माणूस हवा, तेव्हा त्यांनाच बाहेर काढलं.

आणि तरीही लढाया सोप्या गेल्या नाहीत. २३ सप्टेंबरला दक्षिणेत असईला आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज पुढं गेल्यावर, मेले असं वाटलेले गोलंदाज उठून पुन्हा तोफा चालवू लागले. त्या दिवशी त्यानं दीड हजारांवर माणूस गमावला, म्हणजे सैन्याचा सुमारे पाचवा हिस्सा. १ नोव्हेंबरला अलवारजवळ लासवारीला कंपूवर वरिष्ठ फिरंगी जवळजवळ कोणी उरले नव्हते. गोलंदाज संगिनीनं भोसकले जाईपर्यंत तोफेपासून हलले नाहीत. लढाईनंतर लेकनं कळवलं की या पलटणींवर त्यांचे फ्रेंच अधिकारी असते, तर निकालाची खात्री देता आली नसती.

लेकच्या या एका वाक्यात आमच्या सभासदाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. शिपाई शिकला होता. गोलंदाज शिकला होता. ओतकामी तर गुरूच्या पुढं गेला होता. पलटणी कुठं, कधी, कशा वळवायच्या हे ठरवायची जागा मात्र कोणालाच शिकवली नव्हती, आणि ती जागा ज्यांच्याकडे होती ते निघून गेले होते. पासवर्ड घेऊन.

इतरांनी काय केलं

यशवंतराव होळकरांनी दुसरा उपाय केला. १८०२ मध्ये पुण्याची लढाई त्यांना जिंकून देण्यात विकर्स या त्यांच्या अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. १८०४ मध्ये इंग्रजांशी युद्धाची वेळ आली तेव्हा विकर्स, डॉड आणि रायन यांनी स्वदेशीयांविरुद्ध लढायला नकार दिला. होळकरांनी तिघांची डोकी उडवली. धाक बसला असेल, पण त्यानं पलटणीला नवा सरदार मिळत नाही. हैदराबादेत निजामाकडे रेमाँचा मोठा फ्रेंच कंपू होता. तोफांच्या ओतशाळेवरून त्या शहरात अजून एका भागाचं नाव आहे. १७९८ च्या मार्चमध्ये रेमाँ वारला, सप्टेंबरात निजामानं इंग्रजांशी तह केला आणि ऑक्टोबरात त्या कंपूची हत्यारं काढून घेतली गेली. लढाई न होता सगळा प्रकार आटोपला.

इंग्रजांना या जागांची किंमत बरोबर कळली होती. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात त्यांनी कलमच घातलं, की कोणी फ्रेंच किंवा इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय-अमेरिकन सत्तेचा माणूस शिंद्यांनी पदरी ठेवायचा नाही. परका तज्ज्ञ कोणाचा असावा, हे ठरवायचा हक्कही गेला.

परत आपल्याच गावात

मागे आग्र्याला गेलो तेव्हा तिथल्या रोमन कॅथलिक दफनभूमीत लाल दगडाचा छोटा ताजमहाल पाहिला. ती जॉन हेसिंगची कबर. उट्रेख्टचा हा डच माणूस शिंद्यांच्या चाकरीत आग्र्याचा किल्लेदार झाला आणि २१ जुलै १८०३ ला वारला, युद्धाच्या ऐन तोंडावर. आग्र्याला कैद झालेल्यांत त्याचाच मुलगा होता. डी बॉईन श्रीमंत होऊन शांबेरीला परतला. तिथं त्याच्या स्मरणार्थ हत्तींचं कारंजं आहे. पेरॉनही फ्रान्सला गेला.

पण सगळेच गेले नाहीत. नेपल्सहून आलेल्या मायकेल फिलोसचं घराणं शिंद्यांकडेच राहिलं, पिढ्यानुपिढ्या. त्याच घराण्यातल्या सर मायकेल फिलोस यांनी १८७४ मध्ये आपला जयविलास राजवाडा बांधून काढला. आपण रोज त्यावरून जातो. तेव्हा 'परका माणूस नेमला म्हणून बुडालो' हेही खरं नाही आणि 'फितुरी झाली' एवढंही पुरेसं नाही.

बैठकीतल्या त्या तरुण मित्राला मी म्हणेन, कोणतीही अशी नेमणूक वाचताना तीन गोष्टी तपासून बघ. पगाराचा पैसा कोणाच्या हातून जातो? त्याच्या हाताखालचा माणूस उद्या त्याच्या खुर्चीत बसू शकतो का? आणि ज्याच्याशी लढायची वेळ येऊ शकते, त्याचं नाव करारात वगळलेलं तर नाही ना? महादजींच्या वेळीही या तिन्हींची उत्तरं फारशी चांगली नव्हती. फक्त महादजी होते, म्हणून कोणाला ते जाणवलं नाही.